देविदासचे जावई

सतरा टाक्यांतले मासे एकदम वर येऊन तोंडं उघडू लागले, तेव्हा देविदास अनवाणी माझ्या दारात आला. मे महिना, भर दुपार, चार तासांपासून लाइट नाही.

"मावशी, तांब्या घ्या अन् चाला."

कोण मेलं, मी विचारलं. अजून कोणी नाही, म्हणाला.

देविदास माझा शेजारी. पांढरकवड्यात त्याचं रंगीत माशांचं दुकान आहे; पुढे दुकान, मागे खोली. मला मासा रश्श्यात आवडतो हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून मी दुकानात गेले की तो टाक्यांच्या आणि माझ्या मध्ये उभा राहतो.

हा माणूस मासे विकत नाही, उजवतो. गिऱ्हाईक आलं की स्टुलावर बसवणार, पाणी देणार, मग तीन प्रश्न. नळ किती दिवसाआड येते? लाइट गेली तर सोय काय? दुपारी घरी कोण असते? उत्तरं पटली तर मासा पिशवीत. नाहीतर "विचार करून कळवतो" म्हणून वाटेला लावणार. ज्याला मासा दिला तो जावई. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे हेडमास्तर आहेत, त्यांनाही भर बाजारात "जावईबापू" म्हणून हाक मारतो. जावई दिवाळीला गावी गेले की मासे याच्याकडे माहेरपणाला. परत पाठवताना सोबत शेवाळाची जुडी देतो, ओटी म्हणून.

दुसरं दुकान नव्हतं तोवर हे खपलं. आता मासे मोबाईलवरून येतात, थर्माकोलच्या खोक्यात बसून. मोबाईल कोणाला नळाचं विचारत नाही. खाणंही तिथूनच, औषधही तिथूनच. देविदासकडे लोक येतात ते मासा आजारी पडला की, नाहीतर डोईजड झाला की. गंगू अशीच आली. ऑस्कर जातीची, काळी, अंगावर निखारे. अंगठ्याएवढी गेली होती, कोपरापर्यंत हाताएवढी परत आली, शेजारपाजारचे सगळे गिळून. तीन घरं फिरली. "नांदली नाई," देविदास सांगतो, आणि तिला पुन्हा कोणाला दाखवत नाही.

तर त्या दुपारी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कुठे आहे, मी विचारलं. मुकुटबनला दिला, म्हणाला. तिथल्या एका मास्तराचे मासे धापा टाकत होते. तो कधीचा जावई, विचारलं, तर म्हणे त्याने मासे मोबाईलवरून मागवलेत. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तांब्याभर पाणी काढायचं आणि हातभर वरून परत ओतायचं. पडताना पाणी हवा घेऊन जातं, असं त्याने समजावलं. सतरा टाक्या, दोन माणसं. लग्नाच्या पंगतीत वाढपी पळून गेल्यासारखे आम्ही इकडून तिकडे धावत होतो. साडी भिजली, फरशी भिजली, दोनदा मी घसरले. बोलाव ना तुझ्या जावयांना, मी म्हटलं. त्याला ते ऐकवेना. जावयाला कोणी कामाला लावतं काय?

गंगू आडवी व्हायला लागली होती. तिला एका टाकीची नाही, चार टाक्यांची हवा लागते. देविदास तिच्याजवळून हलेना. ओतता ओतता मी विचारलं, त्या तीन प्रश्नांनी गिऱ्हाईक पळतं, मग काहून विचारतो?

"अकरा घरी पोरगी पाहाले गेलतो, मावशी. सगळे हेच तीन इचारत."

"मग?"

"अकराही जण इचार करून कळवणार होते." त्याने तांब्या भरला. "पन प्रश्न बरोबर होते. वाया कायले घालवाचे?"

मी पुढच्या टाकीकडे वळले. माझ्या हातात तांब्या होता.

तेवढ्यात फटफटीवरून मुकुटबनचा मास्तर आला. पुढे पेट्रोलच्या टाकीवर पाण्याची कॅन, कॅनमध्ये त्याचे सहा मासे, आणि आत आमचा पंप चालू. तिकडेही लाइट नव्हती. माहेर म्हणून दुसरं कोणतं घर त्याला सुचलं नाही.

पंपाला दोन नळ्या. एक देविदासने गंगूला लावली. दुसरी कॅनमध्येच राहू दिली. बाकीच्या टाक्यांचं काय, मी ओरडले; हे सहा तर आपले नाहीत.

"लग्न आपन नाई लावलं म्हनून पोरी परक्या होते काय?"

मास्तराच्या हातात मी माझा तांब्या दिला. स्टुलावर बसले आणि मगच त्याला विचारलं, मास्तर, दुपारी तुमच्या घरी कोण असते? मी असतो, सुट्टी आहे, तो म्हणाला. हाच प्रश्न मी देविदासला विचारला नाही. भिंतीपलीकडे मी राहते, मला माहीत आहे.

पाच वाजता लाइट आली. तेरा गप्पी आणि एक गोल्डफिश गेली. गंगू जगली, मुकुटबनचे सहा जगले, देविदास जगला, आणि खांद्याला आयोडेक्स लावून मी.