पिस्ता रंगाचं देऊळ

"सर, तुमी आता निवांत या. देऊळ पार नवंकोरं करून टाकलंय."

ईश्वरअप्पांचा हा फोन आला तेव्हा डॉ. योगीराज दामपुरीकरांची गाडी जिंतूरच्या पुढं निघाली होती. 'नवंकोरं' ऐकून त्यांनी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं. पिंपळठाण्याचं ते महादेवाचं देऊळ आठशे वर्षं जुनं होतं, आणि ते जुनंच दिसण्यावर सरांचं पुढचं सगळं टांगलेलं होतं. परभणीत वारसा जतनाचं नवं केंद्र निघायचं होतं. त्याचं संचालकपद सरांना द्यायचं की नाही, ते दुपारी येणारी समिती हे देऊळ पाहून ठरवणार होती.

सरांनी आजवर दोन्ही डगरींवर पाय ठेवले होते. ते कलावस्तूंच्या जतनाचे विभागप्रमुख होते आणि ऐतिहासिक पुरातत्त्वाचे प्राध्यापकही. सकाळच्या तासाला शिकवत, की जुन्या वस्तूला कोणी हात लावू नये. दुपारच्या तासाला शिकवत, की लोकांनी जुन्या वस्तूला हात लावून जे काही करून ठेवलं, मग तो खिळा असो की रंगाचा डाग, तोही इतिहासच. तो पुसू नये. सकाळची पोरं वेगळी, दुपारची वेगळी, म्हणून बरं चाललं होतं.

गाडीतून उतरून सर देवळापुढं आले. खांब पिस्ता रंगाचे. खांबांवरच्या नर्तकींचे गाल गुलाबी, ओठ लाल. नंदी चंदेरी, शिंगं पिवळी. गावानं देवळाला ऑइलपेंटचे दोन हात मारले होते आणि दुसरा अजून ओलाच होता.

"हे करायला कोणी सांगितलं?"

"तुमीच की," देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष असलेले ईश्वरअप्पा म्हणाले. "मागल्या टायमाला पारावर भाषण केलं न्हाई का? देऊळ तुमचं हाय, निगा तुमीच राखा म्हनून. साहेब लोक यायलेत म्हनल्यावर गाव लय राबलं, सर. नर्तकींची लाली तर आमच्या मंडळीनं, महादेवीनं, सोता पसंत केली."

प्राध्यापकाचं भाषण मनावर घेणारं जगातलं ते पहिलंच गाव असावं, आणि ते नेमकं सरांच्या वाट्याला आलं होतं.

अप्पांनी मग त्यांना कौतुकानं दर्शनी खांबापाशी नेलं. देवळाला फरशी दिली, पंखा दिला, की त्यावर देणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे, असा आपल्याकडचा रिवाज. पात्यावरचं नाव वाचायला पंखा बंद करावा लागतो, तरी नाव असतंच. सरांनी नुसती प्रेरणा दिली होती, पण गावानं तीही बुडवली नव्हती. लाल अक्षरांत ठसठशीत लिहिलं होतं: प्रेरणा, प्रा. डॉ. योगीराज दामपुरीकर, परभणी.

देवळाचं काय व्हायचं ते होवो, आधी आपलं नाव निघालं पाहिजे, एवढंच सरांना सुचलं. महादेवीबाईंनी पेंटरची उरलेली थिनरची बाटली आणून दिली. फडकं फिरवलं तर अक्षरं निघेनात. उलट लाल ओघळ खाली उतरला आणि तो पुसता पुसता खालच्या नर्तकीला मिशी फुटली.

अप्पा हळूच म्हणाले, "सर, ती बाई हाय."

आता एकच वाट उरली. सरांनी बाह्या सारल्या, डब्यात ब्रश बुडवला आणि आपल्याच नावावर पिस्ता रंग ओढायला घेतला. 'प्रेरणा' गेली. 'प्रा.' गेलं, 'डॉ.' गेलं. तेवढ्यात बाहेर गाडीची दारं वाजली.

समितीच्या अध्यक्षा डॉ. सुकेशनी वाहुळे दोन सभासदांसह पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. जतनशास्त्राचे विभागप्रमुख आठशे वर्षांच्या खांबासमोर, हातात ब्रश, मनगटापर्यंत पिस्ता. वेळ सावरायला अप्पा पुढं झाले.

"आल्यापासून सर सोता रंगवायलेत, मॅडम. घोटभर पानीबी घेतलं न्हाई."

सुकेशनीबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "हे काय चाललंय, दामपुरीकर?"

सकाळचा तास संपला होता. सरांनी दुपारचा सुरू केला.

"मॅडम, आधी शेंदूर, मग चुना, आता ऑइलपेंट. लोकांच्या भक्तीचे हे थर आहेत. लोक थर कसा चढवतात, ते लांबून कळत नाही. म्हणून त्यांच्यात बसून मी स्वतः ब्रश धरला."

मग सर थांबलेच नाहीत. नंदीचा चंदेरी रंग म्हणजे बदलत्या काळाचा पुरावा ठरला, आणि मिशी हा लोककलेचा उत्स्फूर्त आविष्कार. सभासद भराभर टिपून घेत होते. अप्पांना त्यातलं काही कळलं नाही, पण आपल्या गावानं एवढं मोठं काम केलंय, हे त्यांना त्या दिवशीच कळलं.

सर संचालक झाले. समितीनं अहवालात एक अट मात्र घातली. हा थर दुर्मिळ आहे, तेव्हा तो मिशीसकट जसाच्या तसा राखावा. केंद्राचं पहिलं काम तेच ठरलं. देवळापुढं पाटी लागली: 'रंगास हात लावू नये. हुकुमावरून, संचालक.' सरांचे विद्यार्थी परभणीहून येऊन कापसाच्या बोळ्यांनी त्या मिशीवरची धूळ टिपू लागले.

हिवाळ्यात संचालक पाहणीला गेले, तेव्हा कुठल्याशा शाळेची सहल आलेली होती. बाई मुलींना दर्शनी खांब दाखवत होत्या. पिस्ता पट्ट्याच्या पुढं तेवढंच उरलं होतं: योगीराज दामपुरीकर, परभणी.

"हे पेंटरचं नाव," बाई सांगत होत्या. "दुकानाची पाटी रंगवली की खाली आपलं नाव टाकतात ना, तसं."

मुलींनी मिशीवाल्या नर्तकीकडं पाहिलं. एक म्हणाली, "बाई, ह्याला येत नव्हतं वाटतं."

अप्पांना राहवेना. "सर, सांगू का त्यांना, तुमी कोन ते?"

संचालकांनी पाटीवरच्या स्वतःच्या हुकुमाकडं पाहिलं, मग मिशीकडं.

"राहू द्या, अप्पा," ते म्हणाले. "पेंटरच बरा."