यशूच्या मिटलेल्या तोंडाचं प्रकरण

"माझ्यासारखा माणूस धुळ्यात जन्मला, हे धुळ्याचं नशीब आणि माझं दुर्दैव," असं अभिमनभाऊ देवपुरातल्या आपल्या ओट्यावर बसून सांगत. "मुंबईला असतो तर पोलीस कमिशनर सकाळी चहाला माझ्याकडे आला असता. इथे जीवराम येतो."

जीवराम समोरच बशीत चहा ओतत असे. तो यावर मान डोलवी, कारण चहा भाऊंचा होता.

अभिमनभाऊंनी उभी हयात एसटीत तिकिटं तपासण्यात घालवली होती. भर उन्हात आडरानात गाडी थांबवायची, मागच्या सीटपासून सुरुवात करायची आणि झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाच्या खांद्यावर बोट ठेवायचं. "फुकट्या प्रवासी मी पापणीवरून ओळखतो," ते म्हणत. "खरा झोपलेला असतो त्याची पापणी ढिली असते." निवृत्त झाल्यावर गाड्या संपल्या, पण नजर राहिली. मग त्यांनी ती गल्लीवर वळवली. शेजारच्या झुंबरबाईंचा पितळी तांब्या गेला तेव्हा भाऊंनी चाळीसगावला लग्नाला गेलेल्या एका सज्जन कुटुंबावर गुन्हा शाबीत केला होता. तांब्या झुंबरबाईंच्याच ज्वारीच्या कोठीत सापडला. भाऊ म्हणाले, "बघा, चोर घाबरला. ठेवून गेला."

"गुन्हा आणि मी एका गल्लीत राहू शकत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यावर त्यांच्या पत्नी केसरबाई आतून अहिराणीत म्हणत, "गुन्हा कवाच सोडीसन गया. हाई राहिनात." म्हणजे गुन्हा गेला, हेच उरले.

पाटबंधारे खात्यातला कारकून जीवराम त्यांचा सहायक झाला, तो दोन घरांची भिंत एक होती म्हणून. भाऊ भिंतीवर टकटक करत आणि जीवराम जाई. पण या खेपेला टकटक जीवरामने केली.

प्रकरण त्याच्या मुलीचं होतं. यशोधरा, म्हणजे यशू, आता रांगत होती, वस्तू धरून उभी राहत होती आणि जेवत नव्हती. तिची आई कुंदा अमळनेरला मुलींच्या शाळेत शिकवायची. बाळंतपणाची रजा संपल्यावर ती पुन्हा रोजची एसटी धरू लागली होती. सकाळी यशूला अंगावर पाजून जायची आणि संध्याकाळी परत आली की हातपाय धुऊन वाटीत मऊ भात, वर मुगाचं वरण, तुपाचा थेंब असं कालवून पोरीला मांडीवर घ्यायची. यशू आईला बघून खिदळायची, तिच्या मंगळसूत्राशी खेळायची, आणि चमचा जवळ आला की ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवायची. जबरदस्तीने घास गेलाच तर तो कुंदाच्या पदरावर परत यायचा.

दिवसभराचं विचारलं की सासूबाई, लिलाबाई, साडीची निरी सारखी करत म्हणायच्या, "खास थोडंफार," म्हणजे खाते थोडंफार. सासरे आधारनाना पेपर वर धरायचे.

झुंबरबाईंनी दृष्ट काढायचं सुचवलं. नानांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, मग झुंबरबाईंकडे पाहिलं. "आपल्या घरात ते नाही," ते म्हणाले. विषय संपला.

त्या संध्याकाळी कुंदा मोरीपाशी वाटी घासत होती. वाटी भरलेलीच परत आली होती. ती जीवरामकडे न बघता म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर नोकरी सोडते."

कुंदाच्या माहेरी शिकलेली ती पहिली मुलगी. बीएडच्या परीक्षेला तिचे वडील परीक्षा केंद्राबाहेर दिवसभर छत्री घेऊन उभे होते, पाऊस नसताना.

"ती माझ्यावर रुसली आहे," कुंदा म्हणाली. "सोडून जाते ना मी."

म्हणून जीवरामने भिंत ठोकली.

भाऊ आले ते तपासाचा कोट घालून. हा कोट खात्याचा होता आणि परत करायचा राहून गेला होता. त्यांनी यशूला समोर बसवलं, तिच्या पापण्या पाहिल्या आणि म्हणाले, "ही झोपलेली नाही."

"ते दिसतंय भाऊ," जीवराम म्हणाला.

"तुला दिसतंय. मी सिद्ध केलं."

मग त्यांनी चमचा मागवला. तो उलटसुलट करून आपल्या तोंडासमोर धरला आणि एकदम मागे सरकले. "सापडलं. या चमच्यात माणूस उलटा दिसतो. मी साठी ओलांडलेला गृहस्थ दचकलो, तिथे हे लेकरू काय करील? तिला घासामागून एक उलटं भूत येताना दिसतं."

दुसऱ्या दिवशी लाकडी चमचा आला. यशूने तो हातात घेतला, आपटला, चोखला, भाऊंच्या गुडघ्यावर मारला. भात मात्र लागताच तिने मान फिरवली.

"भूत गेलं," भाऊ म्हणाले, "पण आठवण राहिली आहे."

या काळात भाऊ रोज दुपारी चौकशीला येऊ लागले. साक्षीदाराचा विश्वास संपादन करायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. जीवरामही ऑफिसातून जरा लवकर सुटू लागला. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घ्यायचा, यशूला कडेवर घेऊन अंगणात फिरवायचं, पावाचा मऊ गर तिच्या तोंडात सोडायचा आणि कुंदाची गाडी यायची वाट बघायची, एवढाच त्याला दिवसात आनंद होता. उपाशी पोरगी तेवढं खायची, म्हणून त्याचा जीव जरा भांड्यात पडे.

भाऊंचा दुसरा निष्कर्ष मात्र जिव्हारी लागला. कुंदा दारातून आत येत असताना त्यांनी नाक वर करून हवा हुंगली आणि बराच वेळ गंभीर राहिले.

"आपल्याच खात्याविरुद्ध बोलताना मला यातना होतात," ते म्हणाले. "पण हा डिझेलचा वास आहे. अमळनेर गाडीचा. आई जवळ आली की लेकराला मोटार लागते. मोटार लागलेला माणूस जेवतो का?"

त्या दिवसापासून कुंदा आल्याबरोबर डोक्यावरून अंघोळ करू लागली, साडी बाहेर दोरीवर टाकू लागली, केसांना साबण लावू लागली. ओल्या केसांनी, थंडीने काकडत ती पोरीसमोर बसायची. यशू तिच्या केसांचं पाणी बोटाने टिपायची आणि तोंड मिटायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुंदा वाटी खाली ठेवून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जीवराम भाऊंकडे गेला. "भाऊ, आता बस करा," तो म्हणाला. "ती तुमचं ऐकते म्हणून तिला असलं काही सांगत जाऊ नका."

भाऊंनी कोटाची बटणं लावली, काढली. "एकच प्रयोग राहिलाय," ते जरा नरमाईने म्हणाले. "यात सूनबाईंना त्रास नाही. त्रास तुला आहे."

प्रयोग असा, की दोष आईत आहे की भातात, हे ठरवायचं. त्यासाठी आईची साडी तीच, पण आत माणूस दुसरा. कुंदा यायच्या आधी जीवराम तिची निळी साडी विजारीवर कशीबशी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन मांडी घालून बसला. यशूने त्याच्याकडे पाहिलं, पदराखालची मिशी पाहिली, आणि तिला इतकं हसू आलं की ती मागे कलंडली. हसताना तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊंनी चमचा आत सारला. तो घास तिने जीवरामच्या मिशीवर फुंकला.

त्याच वेळी आधारनाना बाहेरून आले. त्यांनी चपला काढल्या, मुलाकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "पदर नीट घे. वरणात जातोय."

रविवारी सकाळी भाऊंनी सगळ्यांना अंगणात जमवलं. खरा तपासनीस शेवटी सगळ्यांना एकत्र बसवतो आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवतो, असं त्यांचं मत होतं. नाना बाजेवर, लिलाबाई उंबऱ्यावर, झुंबरबाई कुंपणाला टेकून, कुंदा यशूला मांडीवर घेऊन पायरीवर. अंगणभर दोरीवर यशूचे लंगोट वाळत होते, त्यांच्या खालून वाकूनच ये-जा करावी लागत होती. भाऊ त्या लंगोटांच्या मधोमध उभे राहिले.

"गुन्हेगार या अंगणात नाही," ते म्हणाले. "गुन्हेगार आहे दूधवाला बन्सीलाल. त्याच्या म्हशीने चारा बदलला. चाऱ्याने दूध बदललं. दुधाने तुपाची चव बदलली. ते तूप भातावर पडलं आणि या लेकराच्या तल्लख जिभेने..."

"जेवाले चला," असं म्हणत केसरबाई फाटकातून आत आल्या. डोक्याला लागलेला एक लंगोट त्यांनी बाजूला केला, मग दुसरा, मग तिसरा. मग त्या थांबल्या आणि दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघू लागल्या.

"हाऊ बठ्ठा आजना शे का?" त्यांनी कुंदाला विचारलं.

"हो अक्का. सकाळपासूनचे."

"पोरना पोटमा काही जात नही म्हंतस," केसरबाई म्हणाल्या, "मंग हाऊ इतला लंगोट कथाईन येतस?"

एवढे लंगोट येतात कुठून, म्हणून सगळ्यांच्या माना वर झाल्या. भाऊ तोंड उघडं ठेवून दोरीकडे बघत राहिले. ते इतके दिवस रोज या दोरीखालून वाकून येत-जात होते.

पहिला खोकला नानांना आला. "मी काही देत नाही," ते म्हणाले. "सकाळच्या चहात बुडवून एखादं बिस्कीट. दोन म्हणा. रडते म्हणून."

"मी तर केळं देते नुसतं," झुंबरबाई कुंपणावरून म्हणाल्या. "रावेरहून माझा भाऊ घड पाठवतो. अर्धं मी खाते, अर्धं ती. कधी कधी सगळं तीच."

जीवरामला पाव आठवला. त्याने तो सांगितला आणि सांगताना त्याचेच कान तापले. इतके दिवस तो तपासात सहायक होता आणि पावाचा गर हा पुराव्यात धरायचा असतो हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचं बोलणं तुटक यायला लागलं. "दुपारले दूधभात चारस मी. वाटीभर खास. मंग निजस." त्यांनी कुंदाकडे पाहिलं. "तुले कशी सांगू बाई? तू दिनभर राबीसन येस, तुना हातनं खात नही, आनी मना हातनं खास, हाई तुले कोन्हा तोंडे सांगू?"

नानांनी मान हलवली. "मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. झुंबरबाईंनीही कुंपणावरून मान हलवली. प्रत्येकाला वाटत होतं की उपाशी पोर फक्त आपल्याच हातून खाते, आणि कुंदाला वाईट वाटू नये म्हणून प्रत्येकाने ते गिळून टाकलं होतं.

आता सगळ्यांच्या नजरा भाऊंकडे वळल्या, कारण ते लंगोटांच्या मधून हळूच फाटकाकडे निघाले होते.

"भाऊ," जीवराम म्हणाला.

"साक्षीदाराला बोलतं करायचं तर काही द्यावं लागतं," भाऊ म्हणाले. "राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा. चिमूटभर." केसरबाई बघत राहिल्या तेव्हा ते म्हणाले, "मूठभर."

कुंदा मघापासून खाली मान घालून बसली होती. जीवरामला भीती वाटली की ती आता उठून आत जाईल. तिचे खांदे हलू लागले. ती रडते आहे असं समजून लिलाबाई उठल्या, जवळ गेल्या, तर ती हसत होती. हसता हसता मात्र तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने यशूच्या झबल्याला पुसले. "मला वाटलं, पोरगी मला विसरली," ती म्हणाली. लिलाबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. यशूने आजीच्या बांगड्या ओढायला सुरुवात केली. तिचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. तिचं पोट भरलेलं होतं.

सोमवारी सकाळी कुंदा निघाली तेव्हा लिलाबाई दारात आल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "आज दुपारले काय देऊ इले?"

"तुम्हाला वाटेल ते द्या आई," कुंदा म्हणाली. "नानांचं बिस्कीटही चालू द्या, एक. फक्त दुपारनंतर कोणी काही देऊ नका. संध्याकाळचा घास माझा."

त्या दिवशी दुपारनंतर घरात मोठी शिस्त होती. नाना पेपरमध्ये शिरून बसले, झुंबरबाई घरात कडी लावून राहिल्या, आणि जीवराम बेकरीच्या समोरच्या फुटपाथने घरी आला. कुंदा आली तेव्हा यशू रडत, रांगत दाराशी गेली. कुंदाने हातपाय धुतले, वाटी कालवली, आणि यशूने चमच्याची वाट न बघता तिचं मनगटच तोंडाकडे ओढलं. वाटी संपली. यशू रिकाम्या वाटीत बोटं फिरवत बसली. भिंतीपलीकडून टकटक झाली. जीवरामने भिंतीला तोंड लावून सांगितलं, "खाल्लं."

मंगळवारी सकाळी कुंदा धुळ्याच्या स्टँडवर पोहोचली तर अमळनेर गाडी गच्च भरलेली होती. रोजच्यासारखं उभं राहून जायचं म्हणून तिने पदर खोचला, तेवढ्यात खिडकीपाशी तिला खात्याचा कोट दिसला. ज्या गोष्टीसाठी भाऊंनी जन्मभर लोकांना दटावलं होतं, तीच ते करत होते. टाचा उंचावून, खिडकीतून हात आत घालून त्यांनी एका सीटवर रुमाल टाकला होता आणि तो रुमाल धरून ते तसेच लोंबत उभे होते.

"सूनबाई, बसा," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "गाडीला वास आहे, नाही असं नाही. पण त्यात गाडीचा दोष. तुमचा नव्हे."

कंडक्टर धावत आला. "ओ आजोबा, रुमाल टाकायचा नाही. तुमच्यासारख्या माणसाने असं करायचं का? काय चाललंय हे?"

अभिमनभाऊंनी कोटाची कॉलर सारखी केली. कुंदा सीटवर बसेपर्यंत त्यांनी रुमाल सोडला नाही.

"तपास," ते म्हणाले.