विहिरीत खडा टाकणारे नाना

शेजारचे वामननाना रोज सकाळी तोंडही न धुता आमच्या विहिरीवर येतात आणि आत एक खडा टाकतात. मग कानामागं हात धरून उभे. एकदा रस्त्यानं वरात चालली होती, तर हात करून बॅण्ड थांबवला. नवरदेव घोड्यावर ताटकळला. खडा खाली आपटला, कोरडा खट्ट. नाना बॅण्डवाल्यांना म्हणाले, "आवाज वल्ला शे. वाजाडा आते."

शिरपूरच्या अलीकडे आमचं गाव. नाना नि मी दोघंही मळ्यातच राहतो, बांधाला बांध लागून. विहीर माझी, पण काळजी त्यांना. मी म्हणते, कोरडी पडून किती वर्षं झाली, सोडा आता.

"दुष्काळ म्हंजे ताप शे, अक्का. उतरी जाई."

"तापमा मानूस मरस बी, नाना."

"तू चहा ठेव."

त्याचं असं झालं. त्या दुष्काळात नानांची केळी माना टाकायला लागली. त्यांनी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरला आणि नारळ उभा राहिला तो माझ्या विहिरीपासून वीस पावलांवर. तिथंच बोअर मारलं. पाणी असं उसळलं की गाव बघायला आलं. मीही गेले, पेढा खाल्ला. पंधरा दिवसांत माझ्या विहिरीचा तळ दिसला. सासऱ्यांनी खणलेली, नवऱ्यानं बांधून काढलेली विहीर. त्याआधी कधी आटली नव्हती.

मी भांडले नाही. फक्त म्हटलं, "पेढा गोड होता, नाना." तेवढंही बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा खडा सुरू झाला.

पुढं पाऊस चांगला झाला. पोळ्याला विहिरीत पाणी चढलं, नानांनी गावभर गूळ वाटला. होळीला परत तळ. तोवर बांधाबांधाला बोअर झाली होती. वरून पडलेलं खालच्या खाली जात होतं. दुष्काळ गेला, पण जे घेऊन गेला ते काही परत आलं नाही.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना आले ते खडा न टाकताच. त्या दिवशी आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतो. विहीर आटल्यापासून नवऱ्याची घागर मी गावातल्या हापशावरून भरून आणते, हे त्यांना ठाऊक. ओट्याखालीच उभे राहिले.

"अक्का, तुन्हं पानी मीच ली गऊ. ते आते येत नही."

माझं पाणी त्यांनीच नेलं, या कबुलीवर काय बोलायचं ते मला कधीचं माहीत होतं. इतक्या वर्षांत 'जाऊ द्या, नाना' एवढं म्हटलं नाही, ते माझं चुकलं. मी रिकामी घागरच पुढं केली. "तुमच्या बोअरचं भरून आणा."

त्यांनी घागर धरली, पण पाय उचलेना. "भाऊले चाली का?" माझ्या नवऱ्याला ते भाऊ म्हणायचे.

"चाली, नाना."

मी ओट्यावरून बघत राहिले. घागर खांद्यावर, आणि थेंब सांडू नये म्हणून तिच्या तोंडावर पालथा हात. एवढीशी वाट, पण येताना दोनदा थांबले.