विमलकाकूंचा एक नंबर

परवा सकाळी दूध वर यायच्या बेतात होतं आणि विमलकाकूंनी आमचं दार वाजवलं. दातांना राखुंडी तशीच लागलेली, पदर कसाबसा सावरलेला, चेहरा पार उतरलेला.

"अनिल, चवथा नंबर पडला रे बाप्पा."

आमच्या ओळीतलं चौथं घर वानखड्यांचं. त्यांचे आजोबा दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले. मी हातातली सांडशी टाकली आणि पायात चपला अडकवल्या.

"कुठी चालला?" काकूंनी मला उंबऱ्यातच अडवलं. "पिच्चर पडला माहा! चवथ्यावरून सातव्यावर. काल टीव्हीवर पाह्यलं त्या हिरोले. एवढा मायसाठी जीव देनारा मानूस, अन् आता म्हातारपनी सुपारीच्या पुड्या इकून राह्यला. त्याले मी चवथ्यावर कसा ठेवू, सांग मले!"

तोवर दूध ओट्यावर पसरलं होतं. वानखडे आजोबा अजूनही आहेत, अंथरुणावर का होईना.

मी दारव्ह्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. विमलकाकू आमच्या शेजारी, एका भिंतीपलीकडे, एकट्या राहतात. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, शेत दुसऱ्याला वाहायला दिलंय, दौलतकाका जाऊन काही वर्षं झाली. काकूंपाशी उरले ते त्यांचे नंबर. आवडत्या सिनेमांची ही क्रमवारी कुठे लिहिलेली नाही. ती त्यांच्या डोक्यात असते आणि तिच्यात फेरबदल झाला की गल्लीला कळवलं जातं.

सिनेमाचं नाव काकू घेत नाहीत. "नाव ठेवनं बनवनाऱ्याचं काम. नंबर देनं माहं," असं त्यांचं म्हणणं. तुम्ही नाव घेतलंत तर त्या कोऱ्या चेहऱ्यानं बघतात. शेवटी कुत्रा मरतो म्हणून सांगितलंत की लगेच चेहरा उजळतो. "मंग असं सांग ना, पाचवा!"

जगातली बाकी सगळी मोजमापंही याच नंबरांनी होतात. "यंदाचं सोयाबीन आठव्यावानी निंगालं. इंटरवलपर्यंत झ्याक, मंग नुसतं पानी." माझ्या बायकोच्या पुरणपोळीला एकदा "तिसऱ्याच्या तोडीची, पन शेवट लांबवला सुनबाईनं" असा शेरा मिळाला, आणि लांबवलेला शेवट म्हणजे नेमकं काय, यावर आमच्या घरात आठवडाभर खल झाला. एका मयतीला गेलेलो असताना सगळे गेलेल्या माणसाचे गुण आठवत होते. काकूंनी मोठा उसासा टाकला आणि म्हणाल्या, "नवव्यासारखं झालं. रंगात आला अन् रीळ तुटली." घरच्यांना काही कळलं नाही, पण त्यांना रडू मात्र त्या वाक्यानंच फुटलं.

नंबर ठरतो कसा, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. दारव्ह्यात तेव्हा टाकीज होती. आता त्या जागेवर लग्नाचं लॉन आहे. काका-काकू संध्याकाळचा खेळ बघायचे आणि चालत घरी यायचे. बाजार, मग छोट्या रेल्वेचं फाटक, मग आमची गल्ली. तो रूळ आता गवतात गुडुप झालाय.

"पिच्चर सुटल्यावर दोघातला पयला शब्द कुठी निंगाला, त्याच्यावर नंबर," काकू म्हणाल्या. "टाकीजच्या दारातच हे म्हनले का 'पंखे बंद होते', तं झालं, पिच्चर बाद. फाटकापर्यंत कोनी बोललं नाही तं चांगला. घर येईपर्यंत नाही बोललं तं लयच चांगला."

"आणि दोन नंबर?"

"त्या राती आमी जेवलो बी नाही. कुलूप उघडलं, झोपलो. सकायी हे म्हनले, 'चहा ठेव.' तवा मले समजलं का आपन घरी आलो."

काका गेल्यापासून या यादीत नवा सिनेमा शिरलेला नाही. आम्ही नवरा-बायकोनं त्यांना यवतमाळला नेलं, चांगल्या गुबगुबीत खुर्च्यांच्या थिएटरात बसवलं. येताना प्रवासी जीपमध्ये दार लागायच्या आतच सगळे बोलायला लागले: कुणी भाड्यावरून, कुणी कापसाच्या भावावरून, आणि सर्वांत आधी मी. काकू बाहेर अंधारणारी शेतं बघत होत्या. "आजकालच्या पिच्चरात दम नाही," एवढंच त्या म्हणाल्या. दोष सिनेमाचा नव्हता. मला तेव्हा ते उमगलं नाही, आणि उमगल्यावर वाईट वाटलं.

एक नंबर मात्र काकांच्या आधीचा. काकूंचं माहेर बाभुळगावकडचं एक खेडं. तिथल्या जत्रेत तंबूची टाकीज यायची आणि काकूंच्या बापानं लेकीला लग्नाआधी एकदाच, एकच खेळ बघू दिला. तोच हा. हिवाळ्यात गच्चीवर आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो की काकू हळूहळू त्याच्याकडे वळायच्या. जिनिंगकडून कापसाचे तंतू उडत यायचे, उन्हात तरंगायचे, आणि काकूंचा एरवीचा खणखणीत आवाज खाली यायचा.

"नदी हाय. मोठी, आपल्याइकडं नाही तशी. तो नावाडी हाय. रोज सांजच्याले कंदील लावते अन् पल्याडच्या पोरीसाठी हलवते. डाव्या हातानं. दोर फेकते तो बी डाव्या हातानं. तिचे डोये पुसते तं डाव्या हातानं. डावखुरा होता ना तो! साऱ्या हिंदुस्थानात दुसरा डावखुरा हिरो दाखव मले."

"नाव काय होतं पण?"

"उर्दूत लिवलं होतं. मले कुठी वाचता येते उर्दू?"

मागच्या पावसाळ्यात काकूंना दिसायचं कमी झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एका डोळ्याचा पडदा गेला आणि दुसऱ्याचाही भरवसा देता येत नाही. घर आल्यावर काकू माझा हात धरून जीपमधून उतरल्या आणि म्हणाल्या, "पडदाच फाटला मंते डाक्टर. दुसरा फाटाच्या आंधी मले एक नंबर पाहाचा हाय. एकडाव. तेवढं कर माह्यासाठी."

मी कंबर कसली. नदी, नावाडी, कंदील, पल्याडची पोरगी असं सगळं फोनमध्ये घालून शोधत बसलो. कितीतरी संध्याकाळी भलत्याच नद्या निघाल्या आणि भलतेच नावाडी. अखेर एक जुना काळा-पांढरा सिनेमा सापडला. त्याचं नाव इथे सांगत नाही, काकूंना आवडायचं नाही. मी फोन तांब्याला टेकवून ओसरीवर ठेवला आणि काकूंना बोलावलं. त्या चष्मा पुसून, पाय दुमडून, देवासमोर बसावं तशा बसल्या. नदी आली. नाव आली. "हेच! हेच!" म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर चापटी मारली. मग नावाड्यानं दोर फेकला.

"बंद कर."

"काय झालं काकू?"

"हा नोहे. हा उजवा हाय."

"अहो, नदी तीच, नाव तीच—"

"चोरला कोनी तरी! साऱ्या पिच्चरची नक्कल केली अन् हात बदलून देल्ला, का कोनाले वयखू नाही आला पायजे." त्या उठल्या. "माहा नाही भेटत आता. जाऊ दे."

त्या दिवशी त्यांच्या घरात बराच वेळ दिवा लागला नाही. त्यांचा एरवी भिंतीपलीकडून ऐकू येणारा टीव्हीही बंद होता. मला फार अपराधी वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मिक्सर घेऊन रशीदभाईंकडे गेलो. बाजारात त्यांचं कूलर, मोटर, मिक्सर दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांचे वडील ऐन उमेदीत तंबूच्या टाकीजबरोबर गावोगाव हिंडायचे, खांब रोवायचे, हे सगळ्या दारव्ह्याला ठाऊक. सहज म्हणून मी ही डावखुऱ्याची गोष्ट सांगितली. रशीदभाई इतके हसले की पेचकस हातातून पडला.

"सर, काकू पीछे बैठी होंगी!"

"मागे म्हणजे?"

"अहो, पडदा तंबूच्या मधोमध राहे. इकडून मर्द, तिकडून औरतां. अब्बा सांगत होते ना. मशीन इकडून. मंग बायकाइले सारं उलटंच दिसे. उजव्याचा डावा, अन् नाव बी उलटं."

उर्दूचा उलगडा तिथंच झाला.

मी भूगोलाचा मास्तर. खरं असेल ते नकाशावर दाखवायची सवय. मी म्हटलं, आत्ताच जाऊन सांगतो. रशीदभाईंनी माझा मिक्सर बाजूला सारला. "सांगू नका सर. एवढ्या वर्षांचा मानूस हाय तो त्याइचा. तुमी एका फटक्यात त्याचा हात तोडून टाकान."

मग आम्ही एक बेत केला. कॉलेजातून प्रोजेक्टर मागून आणला. काकूंच्या अंगणात आमच्या भिंतीपासून त्यांच्या कडुनिंबापर्यंत दोर बांधून त्यावर डबलबेडची पांढरी चादर ताणली. काकूंना सांगितलं, अस्सल प्रिंट मिळाली. दिवेलागणीला त्या ठेवणीतली जांभळी साडी नेसून आल्या. "मशीनची लय गरमी राह्यते, तुमी मांगं बसा," असं म्हणून रशीदभाईंनी त्यांची खुर्ची चादरीच्या पलीकडे, माझ्या बायकोशेजारी मांडली. आम्ही दोघं अलीकडे, मशीनपाशी.

सिनेमा सुरू झाला. पलीकडून काकूंचा आवाज आला, "पाह्य सुनबाई, पाह्य! उर्दू!"

थोड्या वेळानं नावाड्यानं दोर फेकला. आमच्या बाजूनं उजव्या हातानं. पलीकडून फक्त एक शब्द आला, नव्या नवरीनं उच्चारावा तसा.

"आला."

माझे डोळे भरून आले. रशीदभाईंनी टोपी काढून उगाच पुन्हा घातली. चादर वाऱ्यानं जराशी हलत होती, तिच्यावरची नदी खऱ्यासारखी वाहत होती. कडुनिंबाची सावली, थंडी, कुठेतरी पेटलेल्या शेकोटीचा वास. आम्ही सगळेच त्या नदीत इतके बुडालो, की काकू कधी उठल्या कुणाला कळलंच नाही.

घरी माणसं आलेली असताना त्यांना काही न देता बसणं काकूंना जमणारं नव्हतं. त्या आत जाऊन उकडलेल्या शेंगांचं ताट घेऊन आल्या आणि रशीदभाईंना द्यायला चादरीला वळसा घालून थेट आमच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. नेमका तेव्हाच नावाडी पोरीचे डोळे पुसत होता.

काकूंनी बघितलं. ताट घेऊन तशाच मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या. पुन्हा मागे जाऊन आल्या. रशीदभाईंनी मशीन थांबवली. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

"म्हंजे, तो उजवाच होता," काकू म्हणाल्या.

रशीदभाईंनीच हळू आवाजात सगळं सांगितलं. तंबू, मर्द इकडे, औरतां तिकडे. काकू पायरीवर टेकल्या. ताट मांडीवर तसंच.

"तुह्ये काका पाहाले आलते ना मले," त्या म्हणाल्या, "त्याइनं पोह्याची बशी डाव्या हातानं उचलली. खाल्ले बी डाव्यानंच. साऱ्या बाया कुजबुजल्या. मोठी माय म्हने, असा मानूस घरात नाही पायजे, अपशकुन हाय. बाबा उठूनच राह्यलते. मी आतून वरडली, हाच पायजे! मले मारलं बी मायनं त्याच्यापायी. काहून हाच, ते मी कोनाले सांगतलं नाही. त्याइले बी नाही."

दौलतकाका डावखुरे होते हे मला ठाऊक होतं. कॅरममध्ये त्या डाव्या हातानं मला कितीदा हरवलं होतं. पण दोन्ही गोष्टींची सांगड माझ्या डोक्यात कधी बसली नव्हती. आता बसली, आणि वाटलं, आपण हे काय करून बसलो! एका चादरीपायी या बाईचा आख्खा संसार आपण खोटा पाडला. मी चाचरत म्हणालो, "काकू, चुकलं आमचं. आधीच सांगायला—"

काकूंनी वर पाहिलं. त्या हसत होत्या.

"बरं झालं बाप्पा, बायकाइले मांगं बसवत. समोर बसली असती, तं त्या उजव्यापायी तुह्या काकाले नाही म्हनली असती मी."

ताट रशीदभाईंच्या हातात देऊन त्या उठल्या, पदर नीट केला आणि चादरीच्या आपल्या बाजूला गेल्या. खुर्ची कुरकुरली.

"लाव रशीद," पलीकडून आवाज आला. "पल्याड तो वाट पाहून राह्यला असन."