नाव वेगळं, हुकूम वेगळा

आमच्या माती-तपासणीच्या कचेरीतले वाघमारे कॉम्प्युटरला काम सांगितलं की खुर्ची सोडून येरझाऱ्या घालायचे. काम बाहेर गेलेलं असताना माणसानं बसू नये, असं त्यांचं म्हणणं.

परभणीत तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अप्रूप. वाघमारेंनी त्यावर एक प्रोग्राम लिहिला होता. मी गावाचं नाव टाइप करायची. मग तो प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामांना हुकूम सोडायचा: या गावाचे जुने आकडे पुसा, नवे छापा. पण आधी नावाची झडती. पेडगाव यादीत आहे का? मध्ये भलतं चिन्ह तर नाही? पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर ते काम तिथंच बंद. "नाव हे नाव हाय, ताई," ते मला बजावायचे. "त्याचा हुकूम होऊ द्यायचा न्हाई." आम्ही गालातल्या गालात हसायचो.

एकदा हेडक्लार्क देशमुखांनी सगळी गावं एकदम उरकावीत म्हणून नावाच्या जागी नुसती चांदणी, म्हणजे * हे चिन्ह, दाबली. यंत्रानं नाकारली. देशमुख तणतणले. वाघमारेंनी एका फ्लॉपीवर खोट्या फायली भरल्या आणि तोच हुकूम झडतीशिवाय सोडून दाखवला. चांदणीचा अर्थ यंत्रानं 'सगळंच' असा घेतला. फ्लॉपी रिकामी झाली. जिल्ह्याची तीन वर्षांची माती अशीच पुसली गेली असती. देशमुखांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं त्या आठवड्यात नमुने आणायला मला बोरीला जावं लागलं. गावागावांत वातावरण तंग होतं. कोणती गाडी, कुठला रस्ता, परत किती वाजता, वाघमारेंनी खोदून खोदून विचारलं. मी वैतागून निघाले.

परतीची एस.टी. दोन तास रखडली. दिवेलागणीला उतरले, तर फलाटावर वाघमारे. चपलेचा अंगठा तुटलेला, ती चप्पल हातात. बोरीकडून आलेल्या प्रत्येक कंडक्टरला त्यांनी माझ्याबद्दल विचारलं होतं.

मी काही म्हणायच्या आत ते खाली बघत बोलले, "अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत, आईला आणायला धाकट्या भावाला मीच गावाकडं धाडलं. कुठल्या रस्त्यानं जायलास, तेवढंबी विचारलं न्हाई. आई दुसऱ्यांसंगं आली. तो आलाच न्हाई."

माझं घर स्टँडच्या समोरच होतं. तरी मी नमुन्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "भाऊ, घरापर्यंत सोडा मला."