काविळीच्या माळेची पूर्वमंजुरी

परतूरच्या कापूस जिनिंगमधले कारकून बद्रीनाथ यांना कावीळ झाली, तेव्हा सासू झुंबरबाईंनी मंठ्याहून वनस्पतीच्या मुळ्यांची माळ आणून जावयाच्या डोक्यावर ठेवली. ही माळ दिवसागणिक लांबते, गळ्यातून पायांशी उतरते, आणि तिच्याबरोबर आजारही उतरतो, असा त्या भागाचा विश्वास. बद्रीनाथांची माळ मात्र कानांवरच अडली. डोळे करडईच्या फुलांसारखे पिवळे झाले. डॉक्टरांनी जालन्याला तातडीने भरती व्हायला सांगितले. भरतीसाठी विमा कंपनीची पूर्वमंजुरी हवी होती.

कंपनीच्या जालन्यातल्या कार्यालयात शाखाधिकारी केशवरावांनी माळेला अदबीने नमस्कार केला.

"अभिनंदन! आपल्या योजनेत आता पर्यायी उपचारही आले आहेत."

"साहेब, ही सासूबाईनं घातली. मला दवाखान्यात जाऊ द्या. उभं राहवत न्हाई."

"एका आजाराला एका वेळी एकच उपचारपद्धती. माळेचा निष्कर्ष येण्याआधी सलाईन घेणे म्हणजे दुहेरी लाभ."

"मंग काढून टाकतो की!"

"उपचार अर्धवट सोडल्यास रुग्ण दोषी ठरतो. त्यापेक्षा माळ इथे सादर करा. निरीक्षण कार्यालय करील."

"अन् ह्यांचं निरीक्षण कोन करनार?" बेबीनंदा नवऱ्याला सावरत म्हणाली. "मानूस हळदीवानी पिवळा पडून राह्यला!"

"बाई, अस्सल माळ जोडलेली असताना रुग्णाची आवश्यकता नसते."

माळ फायलीवर चढली. पंख्याखाली मुळ्या वाळल्या, गाठी सैल झाल्या आणि ती फायलीच्या नाडीवरून टेबलाखाली उतरू लागली. उतरते ऊन खिडकीतून आत आले, की फाईलही घटकाभर पिवळी दिसे. बद्रीनाथांशी तिचे तेवढेच नाते.

माळ फरशीला टेकली, त्या दिवशी बेबीनंदाने नवऱ्याला स्टेशनापासून हातगाड्यावर घालून आणले. केशवरावांनी पेढा पुढे केला.

"आजार समूळ बरा झाल्याचे निष्पन्न झाले आहे. सबब, भरतीची विनंती निकाली."

"साहेब, एकडाव माझ्याकडं पाहा तरी," बद्रीनाथ पुटपुटले.

केशवरावांनी प्रथमच पाहिले. "ही कावीळ नवी दिसते. संपूर्ण बरे झाल्यावर इतक्या लगेच पुन्हा आजारी पडणे संशयास्पद आहे. चौकशी लागेल."

बेबीनंदा मागे वळली. रांगेतल्या लोकांनी तिला हातगाडा जरा बाजूला घ्यायला सांगितले. त्यात वावगे काही नव्हते. प्रत्येकाने आपापली फाईल लेकरासारखी छातीशी धरली होती, आणि फायलीला धक्का लागू नये एवढीच त्यांची काळजी होती. तुमची कुठे ठेवली आहे, ते तुम्हांलाही ठाऊक असेलच. बाकी, तुमची तब्येत कशी आहे?