मॅनेजरांचा अंगठा

घर वेगळं आणि ऑफिस वेगळं, असं मॅनेजरांनी ठरवलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. (खरं तर ते मॅनेजर वगैरे काही नव्हते. गावात बँक नाही, म्हणून लोकांचा अंगठा घेऊन पैसे देण्याघेण्याचं मशीन बँकेने त्यांच्या हवाली केलं होतं. त्यांनी फिरती खुर्ची घेतली आणि गावाने पदवी देऊन टाकली.)

"मशीन घरातच ठेवा की," बायको म्हणाली होती.

"भांड्यांच्या खडखडाटात बँक चालते होय?" असं म्हणून त्यांनी रस्त्याकडेची खोली रंगवून घेतली, काचेचं टेबल आणलं, वर 'विनाकारण बसू नये' अशी ठळक पाटी लावली. सगळं आलं, फक्त रेंज आली नाही. मशीनच्या पडद्यावर एक चक्र नुसतं गरगरत राहायचं. लोक वाट बघून कंटाळले आणि पुन्हा बसचे धक्के खात शहरात जायला लागले. शेवटी बँकेचा निरोप आला: उद्या साहेब येतील, त्यांच्यासमोर एक तरी व्यवहार झाला पाहिजे, नाहीतर मशीन परत!

मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पेन्शन काढायला कुंभारीण आजी हजर होत्या. त्यांचे गुडघे बसची पायरी चढायला तयार नव्हते, त्यामुळे हे मशीन गेलं तर त्यांची पेन्शन शहरातच अडकणार होती. आजींनी बराच वेळ ते चक्र बघितलं.

"याच्यापेक्षा माझं चाक बरं," त्या म्हणाल्या. "त्यातून मडकं तरी निघतं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅनेजर मशीन उंच धरून खुर्चीवर चढले. (खुर्ची फिरती होती, त्यामुळे ते फिरलेही.) मग अंगणात गेले, पडवीत गेले, आणि मशीन डोक्यावर धरून थेट स्वयंपाकघरात घुसले.

"आली! आली!"

"कोण आली?" बायकोने दचकून विचारलं.

"रेंज! अगं, रेंज आली!"

"ती इथेच असते. मी ताईशी रोज इथे उभी राहूनच बोलते. तुम्ही विचारलंत कधी?"

पण ऐकायला मॅनेजर भानावर कुठे होते? आनंदाच्या भरात त्यांनी ओट्यावर हात टेकवला, तो नेमका नुकत्याच उतरवलेल्या कढईवर. अशी काही किंकाळी फुटली की साहेब, आजी आणि रस्त्यावरची निम्मी माणसं स्वयंपाकघरात गोळा झाली.

आता मशीन सुरू करायला आधी चालवणाऱ्याचा अंगठा लागतो. मॅनेजरांनी दात-ओठ खात भाजलेला अंगठा टेकवला. मशीन म्हणालं, 'ओळख पटत नाही.' पुन्हा टेकवला. 'ओळख पटत नाही.'

"दुसऱ्या कोणाचा नोंदवलाय का?" साहेबांनी विचारलं.

मॅनेजरांनी हळूच बायकोकडे बघितलं. अर्जात दुसरं नाव लागतं म्हणून त्यांनीच बायकोचं नाव घातलं होतं. 'तू नुसता अंगठा दे, तुला काही करायचं नाहीये,' असंही वर सांगितलं होतं.

बायकोने गॅस बारीक केला, हात पुसला आणि अंगठा टेकवला. मशीन चटकन सुरू झालं.

"आजी, बोटाची माती धुवा आधी. हं, आता ठेवा. जरा दाबून."

आणि पैसे निघाले! आजींनी नोटा मुठीत घट्ट धरल्या. त्यांचे डोळे भरून आले. "बस नाही, कोणाची मिनतवारी नाही! पोरी, माझे पैसे माझ्याच गावात मिळाले गं!" स्वयंपाकघरात टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅनेजरही अंगठा विसरून टाळ्या वाजवायला गेले आणि पुन्हा किंचाळले. साहेबांनी पिठाच्या डब्यावर बसूनच शेरा लिहिला: केंद्र उत्तम, जागा योग्य, चालक हुशार. (चालक म्हणजे कोण, हे विचारायचा धीर मॅनेजरांना झाला नाही.)

बातमी गावभर पसरली. दुपार टळली तरी रांग अंगणाबाहेर होती. फिरती खुर्ची एव्हाना ओट्याशी आली होती आणि तिच्यावर बायको बसली होती. मॅनेजर चिंधी बांधलेला अंगठा सांभाळत, लोकांची माफी मागत आत शिरले आणि भिंतीशी पाट टाकून बसले.

"अगं, भूक लागलीय. वाढतेस ना?"

बायकोने मशीनवरून नजर न काढता दाराकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचीच पाटी लागली होती: 'विनाकारण बसू नये.'